टोमॅटोनं मान टाकली : आधी ग्लास, मग बाटली



पंधरा दिवस झाले, रोज कुणाचा ना कुणाचा टोमॅटोचा फोटो येतोय. प्रश्न सगळ्यांचा एकच. "काल सांजपर्यंत झाड चांगलं होतं, आज दुपारी मान टाकली. काय मारू?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा माझ्या रानात जूनमध्ये काय झालं तेच सविस्तर लिहितो. जरा लांबेल. आणि यातली एक गोष्ट मी तीन वर्षं लिहायची टाळत होतो, तीही आज लिहून टाकतो.

रान करवीर तालुक्यातलं, मध्यम काळं, २० गुंठ्याचा तुकडा. वरच्या अंगाला माझाच ऊस, खालच्या अंगाला तात्यांची मिरची (तात्या म्हणजे माझे चुलते), आणि त्यांच्या खाली ओढा, जो पुढं भोगावतीला मिळतो. म्हणजे माझ्या रानातलं जादा पाणी तात्यांच्या रानातून गेल्याशिवाय ओढ्याला जात नाही. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लागण केली. पाच फुटी बेड, दीड फुटावर रोप, अशी २,९०० रोपं बसली. मल्चिंग पेपर, ठिबक, तार-काठी सगळं धरून जूनपर्यंत ८० हजार रानात गेलेले. सोसायटीचं कर्ज त्यातच, आणि पोरीच्या बारावीनंतरच्या प्रवेशाचा खर्च टोमॅटोच्या तोड्यातून काढायचा असं घरात ठरलेलं. पीक जोमात होतं. बघणारा बांधावर थांबायचा.

२०२५ चा मे सगळ्यांच्या ध्यानात असेल. वळीव म्हणायची सोयच नव्हती, पाऊसच सुरू झाला. २४ मेला मान्सून केरळात आला आणि २६ ला मुंबईत पोचलासुद्धा. रानात वाफसा म्हणून येईना. आणि जून लागला तसा पाऊस गायब. ऊन असं पडलं की एप्रिल परत आला म्हणावं. वर ऊन, खाली जमीन अजून ओली, आणि वरून काळा-चंदेरी पेपर अंथरलेला. टोमॅटोच्या मुळाला यापेक्षा वाईट दिवस नाहीत.

३ जून, मंगळवार. मी आणि आमची मंडळी दुसरी बांधणी करत होतो. सुतळी तोंडात धरून ती पुढं चालली होती, ती खालच्या कोपऱ्यात थांबली.

"आवो, हिकडं या जरा. ह्याला काय झालंय बघा."

झाड कमरेएवढं, तीन घोस लागलेले, पानं हिरवीगार. पण शेंड्यापासून सगळी पानं लोंबकळलेली, जसं कुणी रात्रीत उकळतं पाणी ओतलंय. पिवळं पान एकसुद्धा नाही. शेजारचं झाड तसंच. त्या ओळीत मिळून सात.

"काल दुपारीपण आसंच झालतं," ती म्हणाली. "सांजच्याला ताठ झालं, म्हणून मी काय बोलले न्हाई."

माझा पाय आपोआप मोटरीकडं वळला होता. ऊन लागलंय, पाणी कमी पडलंय, एक तास ठिबक सोडू, हाच पहिला विचार. तुम्हीपण हेच केलं असतं, आणि फोटो पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हेच केलंय. दहा पावलं गेल्यावर २०२२ आठवलं आणि मी जाग्यावर थांबलो.

आता ते २०२२.

त्या साली ह्याच तुकड्यात सप्टेंबरची लागण होती. ऑक्टोबरात परतीचा पाऊस धो धो झाला आणि उघडीप पडल्यावर पाच झाडांनी अशीच मान टाकली. मी पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी १५. फोटो काढून एका दुकानात दाखवला. त्यानं तीन बाटल्या दिल्या, एक बुरशीची, एक ह्युमिक, आणि एक "ह्याच्यावरच आहे" म्हणून. दुकानदाराला नावं ठेवत नाही, मी त्याला झाड दाखवलं नव्हतं, मोबाईल दाखवला होता. पंपाला नळी लावून झाडाच्या बुडात आळवणी करत गेलो. मेलेल्या झाडाच्या बुडात नळी खुपसायची, तीच नळी उचलून शेजारच्या चांगल्या झाडाच्या बुडात. रोग मी स्वतःच्या हातानं वाढून दिला. आठ दिवसांत तीन आळवण्या, ११ हजार रुपये. दोन तृतीयांश प्लॉट उभा वाळला.

मग रागानं झाडं उपटली, मुळाची माती झटकत झटकत ओढत नेली आणि खालच्या कोपऱ्यात ढीग घातला. आठवडाभरानं तो ढीग उचलून ओढ्याच्या कडेला टाकला, तात्यांच्या बांधाला लागून. पुढच्या पावसाळ्यात तात्यांची वांगी अशीच गेली. बांधावर भेटले तेव्हा म्हणाले, "पाण्यानं गेली वाटतं." मी म्हणालो, "व्हय, पाऊसच लय झाला."

तोपर्यंत मला कळलेलं होतं काय रोग होता ते. त्या हिवाळ्यात कृषी महाविद्यालयातल्या रोगशास्त्राच्या एका सरांनी ग्लासाची परीक्षा शिकवली होती. तरी मी तात्यांना "पाऊस" असंच सांगितलं.

तर यंदा मोटर न लावता मी परत फिरलो. आधी पेपर उचलून बुडात हात घातला. माती मूठभर दाबली की गोळा होत होता, म्हणजे पाणी कमी नव्हतंच. पाणी असून झाड कोमेजतंय याचा अर्थ पाणी वर चढत नाहीये. मूळ तरी खराब आहे, नाहीतर नळी तुंबली आहे. एवढा एक विचार डोक्यात ठेवला तरी निम्मं निदान झालं म्हणून समजा.

मग एक झाड उपटलं. ताकद लावायला लागली, मुळ्या भरपूर होत्या. गाठी नाहीत, म्हणजे सूत्रकृमी नाही. बुडाला कापसासारखी पांढरी बुरशी नाही, मोहरीसारखे दाणे नाहीत. मानेला काळा-तपकिरी वेढा नाही. बाहेरून बघितलं तर झाडाला काहीच झालेलं नाही. खोड जमिनीपासून चार बोटांवर तिरकं कापलं, तर सालीच्या आतलं लाकूड फिकट तपकिरी, आणि कापलेली जागा दाबली की बारीक राखाडी-पांढरे थेंब.

घरातनं काचेचा ग्लास आणायला सांगितला. स्टीलचा चालत नाही, आरपार दिसायला पाहिजे. ग्लासात स्वच्छ पाणी. खोडाचा बुडाकडचा दोन-तीन इंचाचा तुकडा पुसून घेतला, वरच्या टोकाला दोरा बांधून ग्लासावर काडी आडवी ठेवून लटकवला, खालचं कापलेलं टोक पाण्यात जेमतेम बुडेल असं. ग्लास हलवायचा नाही. मागं काळी छत्री धरली म्हणजे नीट दिसतं.

दोघं उकिडवे बसून बघत होतो. दोन मिनिटं काही नाही. मग त्या टोकातनं एक पांढरट धागा निघाला. उदबत्तीचा धूर वर जातो, हा खाली उतरत होता. एकाचे दोन झाले, दोनाचे पाच. पाचेक मिनिटांत तळ दुधट झाला.

"हे काय वो?"

"जिवाणू," मी म्हणालो. "कोटीनं हायेत."

हीच जिवाणूजन्य मर. जिवाणूचं नाव राल्स्टोनिया सोलानासेरम. १८९६ साली अमेरिकेत अर्विन स्मिथ यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं, पण आपल्या भागाला तो नवा नाही. पुणे जिल्ह्यातल्या बटाट्यावरची त्याची नोंद १८९२ ची आहे. बटाटा कापला की आत बांगडीसारखं तपकिरी कडं दिसतं, म्हणून त्याला बांगडी रोग म्हणायचे. शास्त्रज्ञांनी त्याची कुळी तीनदा बदलली, आधी बॅसिलस, मग स्यूडोमोनास, मग बर्कहोल्डेरिया, आता राल्स्टोनिया. त्याचा धंदा मात्र एकच आहे. मुळाला जिथं जखम असेल (सूत्रकृमीनं केलेली, खुरप्यानं केलेली, नाहीतर नवीन मूळ फुटताना आपोआप झालेली) तिथनं आत शिरायचं, पाणी वाहणाऱ्या नळ्यांत बसायचं आणि चिकट पदार्थ सोडत वाढत राहायचं. नळ्या तुंबल्या की खाली पाणी असून वर दुष्काळ. दुपारी पानांची मागणी जास्त, तेव्हा मान टाकतं. रात्री मागणी कमी, तेव्हा ताठ होतं. दोन-चार दिवस हा खेळ चालतो आणि मग ते ताठ व्हायचं थांबतं. झाड पिवळं पडायला वेळच मिळत नाही, हिरवंच मरतं.

आणि ह्या दोन-चार दिवसांतच आपण फसतो. संध्याकाळी ताठ झालेलं बघून वाटतं, पाणी दिलं ते लागू पडलं.

आता कडू गोष्ट. ग्लासात धार आली तर ते झाड गेलं. ते वाचवणारी बाटली कुठल्याच दुकानात नाही. तांब्याचं औषध मातीत राहतं, नळीत चढून जिवाणू मारत नाही. बरेच जण अँटिबायोटिक पावडर सुचवतात. आळवणी करून ती नळीतल्या जिवाणूपर्यंत रोग मोडण्याइतकी पोचत नाही, आणि माणसाच्या दवाखान्यातलं औषध मातीत ओतायचं हे मला मुळातच पटत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रानं स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचा शेतीतला वापर बंद करायचा मसुदा काढला होता तो काही उगाच नाही.

एवढं कळल्यावर मी घाबरलो. कोयता घेऊन उठलो आणि मधल्या पट्ट्याकडं गेलो. तिथं जमीन जरा खोलगट आहे, आणि तिथंही चाळीसेक झाडं मान टाकलेली. म्हणजे इथंपर्यंत पोचला! वेळ घालवायचा नाही, सगळी उपटून टाकायची, असं म्हणून पहिल्या झाडाला हात घातला.

मंडळीनं हात धरला. "ग्लास कशाला आणलाय मग?"

खरं होतं. पहिल्या वेळी मी न बघता ओतत सुटलो होतो, आता न बघता उपटत सुटलो होतो.

त्या पट्ट्यातलं एक झाड काढलं. ग्लासातलं पाणी ओतलं, ग्लास साबणानं धुतला, नवीन तुकडा लटकवला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पाणी स्वच्छ. दुसरं झाड घेतलं, तेही स्वच्छ. मग पेपर उचलला तर खालून आंबूस-कुजका वास आला. पांढऱ्या मुळ्या कमी, टोकं तपकिरी. मेच्या पावसाचं पाणी खोलगटात बसलेलं, पेपरनं ते उडू दिलं नाही, आणि मुळं हवेविना गुदमरलेली. ऊन पडल्यावर वरची मागणी वाढली आणि अर्ध्या मेलेल्या मुळांना ती पुरवता येईना. वरून बघायला दोन्ही ठिकाणी सारखंच. एका ठिकाणी झाड मेलेलं, दुसऱ्या ठिकाणी जगणारं.

एक बारकी गोष्ट सांगून ठेवतो. दोन्हीकडच्या खोडांवर बुडाला पुळ्यांसारखे टिंब दिसत होते, नवीन मुळं फुटायची खूण. काही जण त्यावरून मर ओळखतात. पाणी साचल्यावरही ते येतात, त्यावर जाऊ नका. ग्लासावर जा.

त्या पट्ट्यात सांजच्याला पेपर दोन्ही बाजूंनी फाडून गुंडाळला, बुडाला हवा लागू दिली. सरीतनं कुदळीनं वीतभर खोल चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढलं. ठिबक त्या ओळींचं पाच दिवस बंद. झाडावर ओझं नको म्हणून मोठी फळं आणि फुलं काढून टाकली. मंडळीला फळं तोडताना लई वाईट वाटत होतं, पण अर्ध्या मुळावर पूर्ण झाड पोसत नाही. दोन दिवस दुपारी वरनं जुनी साडी आणि शेडनेटचे तुकडे टाकून सावली केली. मुळावाटे काही जात नाही म्हणून १९:१९:१९ हलकं फवारलं. माती भुरभुरीत झाल्यावर बुडाला चार बोटं भर लावली, टोमॅटो खोडातनं मुळं काढतोच. आठव्या दिवशी शेंड्याला नवीन पान दिसलं. ४२ पैकी ३४ झाडं उभी राहिली. ही कोयत्याखाली जाणार होती.

खालच्या कोपऱ्याला मात्र दया नाही. सात झाडं, आणि त्यांच्या दोन्ही बाजूची दिसायला चांगली असलेली दोन-दोन झाडंसुद्धा. भवतीची माती ओली करून, न झटकता, कुदळीनं गड्ड्यासकट उचलली आणि थेट युरियाच्या रिकाम्या पोत्यात. ओढत न्यायची नाहीत, माती सांडते. पोती तोंड बांधून पडीक माळाला नेऊन वाळवून जाळली. खड्ड्यात ब्लिचिंग पावडर टाकून माती ओढली (बटाट्यात मरीसाठी लागणीच्या वेळी हेक्टरी १२ किलोची शिफारस आहे. मी फक्त मेलेल्या जागी टाकली, जिवंत मुळाजवळ टाकू नका, मुळं भाजतात). त्या चार ओळींच्या ठिबकच्या नळ्या सबमेनपाशी कॉक लावून बंद केल्या. तिथं पाणी द्यायचं ते मगानं, झाडाला बेताचं, वाहू न देता. तिकडं खुरपणी बंद, भर लावणं बंद. बांधणी आणि तोडा सगळ्या रानाचा झाल्यावर शेवटी तिथला, आणि बाहेर पडताना चपला, खुरपं, हात ब्लिचिंगच्या पाण्यात. मजूर बाया आधी हसल्या, "दवाखाना केलाय की वो दादा." नंतर त्या स्वतःच बादली मागायला लागल्या.

कोपऱ्याच्या भवतीच्या चांगल्या ओळींना कॉपर ऑक्सिक्लोराईडची एक आळवणी केली, लिटरला तीन ग्रॅम, आणि या वेळी नळी बुडात न खुपसता मगानं वरून. हे औषध नव्हे, कुंपण आहे, तेही कच्चं. दहा दिवसांनी स्यूडोमोनास आणि बॅसिलस दिलं. एकाच दिवशी दोन्ही देऊ नका, तांबं तुमचे विकत घेतलेले उपयोगी जिवाणूसुद्धा मारतं, पैसे वाया.

बांधावरची कामुणी मुळासकट काढली. ती टोमॅटोच्याच कुळातली, रोग स्वतःत ठेवते आणि वरून टवटवीत दिसते. मधल्या अडीच वर्षांत मी सोयाबीन घेतलं, मका घेतला, आणि वाटलं रान धुतलं गेलं. पण कामुणी बांधावर तशीच होती, आणि मर आली ती नेमकी २०२२ साली मेलेल्या झाडांचा ढीग जिथं घातला होता त्याच कोपऱ्यात. २०२३ च्या पावसाळ्यात टोमॅटोचे भाव शंभराच्या वर गेलेले बघून जीभ सुटली होती, म्हणून यंदा घाई केली. चूक माझीच.

राहता राहिले तात्या.

त्यांची मिरची फुलात होती. मिरची, वांगी, बटाटा, तंबाखू, भुईमूग, आलं, सगळ्यांना हा जिवाणू लागतो, दोनशेच्या वर जातींच्या झाडांवर त्याची नोंद आहे. पुढचा पाऊस आला की माझ्या कोपऱ्यातलं पाणी त्यांच्या पहिल्या सरीत जाणार. न सांगावं तर २०२२ ची पुनरावृत्ती. सांगावं तर मागचंही सांगायला लागणार, आणि आमच्यात बांधावरनं आधीच थोडं वाजलेलं. दिवसभर मनात तेच.

सांजच्याला गेलो. तात्या गोठ्यात म्हशीची धार काढत होते.

"तात्या, टोमॅटोत मर आलीया. जिवाणूची. पाणी तुमच्या मिरचीत उतरतंय."

चरवीतला आवाज चालूच.

"आणि बावीस सालीबी हीच हुती. झाडं मी तुमच्या बांधाला टाकली. वांगी पावसानं न्हाई गेली."

आवाज थांबला. म्हशीनं मागं बघितलं, तात्यांनी नाही.

"म्हाईत हाय मला. ढीग बघितलाय मी."

"मग बोलला का न्हाई?"

"तू बोलशील म्हणून थांबलो."

एवढंच. चहा घेतला का म्हणूनसुद्धा विचारलं नाही. मी घरी आलो, रात्रभर झोप नाही. सकाळी सहाला बांधावर खण खण आवाज आला म्हणून बघितलं तर तात्या कुदळ घेऊन आलेले. माझ्या खालच्या कोपऱ्यापासून बांधाच्या आतल्या अंगानं चर मारायला सुरुवात केलेली. दोघांनी मिळून दुपारपर्यंत ६० फूट चर काढला आणि पाणी त्यांच्या मिरचीला न लागता त्यांच्याच पलीकडच्या उसात वळवलं. उसाला हा रोग होत नाही, गवताच्या कुळातल्या पिकात तो उपाशी राहतो. जेवायच्या वेळेपर्यंत आम्ही चराशिवाय दुसरं काही बोललो नाही. जेवताना तात्या म्हणाले, "तुझं वरंबं वाकडं हायत." मी म्हणालो, "व्हय."

हिशेब सांगतो, कारण काही जण कमेंटमध्ये विचारणारच. तोडा संपेपर्यंत मरीनं एकूण १७१ झाडं गेली, २,९०० पैकी. सात वरून १७१ झाली म्हणजे रोग थांबला नाही, रेंगाळला. जूनच्या मध्यात पाऊस परत सुरू झाला त्या आठवड्यात एका दिवसात २३ काढली, तेव्हा सगळं सोडून द्यावं असं वाटलं होतं. पण ती बहुतेक त्याच चार-पाच ओळींत राहिली. २०२२ ला दोन तृतीयांश प्लॉट गेला होता. पोरीचा प्रवेश झाला. सोसायटीचं अजून निम्मं आहे.

फोटो पाठवणाऱ्यांना आता थोडक्यात. फोटोवरून मी मर सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकत नाही. खालची पानं आधी पिवळी, तीही एका बाजूची, झाड हळूहळू आठ-पंधरा दिवसांत जात असेल, खोड आतून तपकिरी पण ग्लासात धार नसेल तर फ्युजेरियम बुरशीची शक्यता जास्त. मानेला पांढरा कापूस आणि मोहरीचे दाणे असतील तर ती स्क्लेरोशियम बुरशी, अर्धवट कुजलेलं शेणखत नाहीतर पाचट बुडाला लावलं की हमखास. मुळाला गाठी असतील तर सूत्रकृमी, आणि ते असतील तर जिवाणूला दार उघडंच. आणि झाड ओढल्यावर मुळ्या कुरतडलेल्या, झाड अलगद हातात आलं, तर माती उकरा. आपल्या जिल्ह्यात आता पुढचे दोन-तीन महिने हुमणी, दुसरं कोण? यात प्रत्येकाला उपाय वेगळा आहे, म्हणून पाच रुपयांचा ग्लास आधी आणि पाचशेची बाटली नंतर. ग्लासात काय आलं ते समजलं नाही तर झाडच, मातीसकट पोत्यात बांधून, तळसंदे नाहीतर कणेरीच्या कृषी विज्ञान केंद्रात घेऊन जा. वाळलेलं झाड नेऊ नका, नुकतीच मान टाकलेलं न्या.

ह्या तुकड्यात आता आडसाली ऊस. दीड वर्ष लागण, मग खोडवा, म्हणजे अडीच वर्षं टोमॅटोचं कुळ नाही. तेवढ्यानं पुरेल का माहीत नाही, म्हणून खोडव्यानंतर मका पण धरलाय. टोमॅटो वरच्या रानात घेणार, आणि तिथं दोन ओळी वांग्याच्या खुंटावर कलम केलेल्या रोपांच्या लावून बघायच्यात. तैवानच्या वर्ल्ड व्हेजिटेबल सेंटरनं यावर बरंच काम केलंय, वांग्याचं निवडक मूळ ह्या मरीला आणि साचलेल्या पाण्याला टोमॅटोपेक्षा जास्त सोसतं. रोप साध्यापेक्षा कितीतरी महाग पडतं, म्हणून दोनच ओळी. शेजारी बंगळुरूच्या बागायती संस्थेचा अर्का रक्षक लावणार, तो मरीला प्रतिकारक म्हणूनच काढलाय. आकडे आले की इथं टाकीन, चांगले असोत की वाईट.

परवा तात्यांच्या मिरचीत चार झाडं वाळली. मला फोन आला नाही. मी बांधावरनं बघितलं तर तात्या सरीत उकिडवे बसलेले, पुढं काचेचा ग्लास, त्यात दोऱ्यानं लटकवलेला मिरचीच्या खोडाचा तुकडा. मी जवळ गेलो. पाणी स्वच्छ होतं. बुडाला पांढरी बुरशी होती.

"धार न्हाई," तात्या वर न बघता म्हणाले. "सरक, सावली पडतीया."